आव्वाशेजारची जागा

"पाणी लागलं," तम्माण्णा खड्ड्यातनं म्हणाला.

विहिरीवर हे दोन शब्द ऐकले असते तर आम्ही नारळ फोडला असता. पण आम्ही विहीर खणत नव्हतो. माझ्या आप्पाला बसवायला खड्डा खणत होतो.

"किती?" मी विचारलं.

"आत्ता घोट्याएवढं. पण थांबंना झालंय. हे बघ, बगलंतनं येलालंय, म्हशीला पान्हा फुटल्यावानी." त्यानं खोरं बाजूला टेकवलं आणि धोतराचा सोगा वर खोचला. "मोठी माणसं गेली की गावाला जेवण घालत्यात. तुझा आप्पा आंघोळ घालालाय आम्हाला."

मी हसले नाही. तोही हसला नाही. तम्माण्णा आमच्या गल्लीतला, आप्पाच्याच वयाचा. गावात कुणीही गेलं तरी खड्डा त्याच्याच हातचा. बोलल्याशिवाय त्याला खणता येत नाही, एवढंच.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरतात तेही आडवं टाकून नाही. मांडी घालून बसवतात, डाव्या हातावर लिंग देऊन, जिवंतपणी पूजेला बसायचा तसा. म्हणून खड्डा चांगला पुरुषभर खोल लागतो. तम्माण्णाचा खड्डा गुडघ्यापर्यंतही गेला नव्हता.

घरी आप्पा सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. पहाटे गेला. झुंजुमुंजू व्हायच्या आत आम्ही त्याला आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवला होता, कारण एकदा अंग ताठलं की मांडी मोडत नाही. फेटा बांधला होता. चैत्राचं ऊन. बायका पंख्यानं माश्या हाकत होत्या.

आणि खड्डा माझ्या आईच्या, आव्वाच्या समाधीला लागून होता. ती जागा आप्पानं स्वतः धरून ठेवलेली. आव्वा गेली तेव्हा तिच्या डाव्या बाजूला एक खुंट ठोकला आणि म्हणाला, "ही माझी." त्यानंतर तिथं औत कधी घातलं नाही. शेवटच्या आजारात जेवण सुटलं, पाणी सुटलं, बोलणंही सुटत आलं होतं, तरी माझा हात धरून एकच सांगत होता. "कस्तुरी, मला निलव्वाशेजारी बसीव. दुसरीकडं कुठं न्हाई."

मी म्हटलं होतं, "बसवते."

सोपं वाटलं होतं. आपलं रान, आपली माती, आपला माणूस. अडवणार कोण?

"आव्वाचा खड्डा तूच खणलेलास की रे," मी तम्माण्णाला म्हटलं. "तेव्हा कुठं पाणी लागलं?"

"तवा?" तो वर बघून म्हणाला. "तवा शिडी लावून उतरलो हुतो. खाली पिवळी माती, पिठासारखी. उन्हात घाम आला म्हणून मी तिथंच टेकलो, तुझा आप्पा वरनं वरडला, आरं तम्मा, जागा तिची हाय, तू का बसालाईस." तो थांबला. "आता बघ."

आता म्हणजे काय ते सांगते. आमचं रान ओढ्याकाठचं, सखल. आजोबाच्या काळात गावातली सगळ्यात जिवट जमीन ही. काळीभोर. शाळूला पाणी द्यायची गरज नव्हती, जमिनीची ओलच पुरायची. वरच्या अंगाला माळ, तो आमच्या चुलत्यांचा. माळावर कुसळं. वाटणी झाली तेव्हा चुलता रडला होता म्हणतात, मला दगडं दिली म्हणून.

मग नदीचं पाणी माळावर चढलं. मोटारी बसल्या, पाणीपुरवठा संस्था निघाली, माझा चुलतभाऊ बसगोंडा तिचा चेअरमन झाला. माळावर ऊस उभा राहिला. पाणीपट्टी एकरावर, पाण्यावर नाही. मग पाट बंद करायला रानात कोण जातंय? लाईट आली की मोटार सुरू, लाईट गेली की बंद. मधल्या वेळेत ऊस पीत होता, माती पीत होती, आणि दोघांना नको झालेलं पाणी मातीच्या पोटातनं उताराला लागत होतं. उतारावर आम्ही.

पहिल्या वर्षी हरभऱ्याची मुळं कुजली. दुसऱ्या वर्षी शाळू उगवला आणि शेंड्याकडनं करपला. मग एका सकाळी बांधाकडंला पांढरं दिसलं. मला वाटलं कुणी चुना सांडला. आप्पानं बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि तिथंच खाली बसला.

लोक म्हणतात जमीन आजारी पडली. जमीन आजारी पडत नसते. तिला पाजून पाजून मारतात.

आप्पा शाळेत गेलेला नव्हता, पण सगळं डोळ्यांनी बघून बसलेला माणूस. मला म्हणायचा, "कंदिलाची वात तेल कशी वर वढती? माती तशीच खालचं पाणी वर वढती. वर ऊन हाय, ते पिऊन टाकतंय. पाणी येताना वाटंतलं मीठ संगं घेऊन येतंय. जाताना एकटंच जातंय."

मी विचारलं होतं, "मग पावसानं धुऊन जात नाही व्हय?"

"जातंय की. पण जायला वाट पायजे. वाट हुती. आता कुठाय?"

वाट म्हणजे चर. आमच्या रानाच्या आणि चुलत्याच्या माळाच्या मधोमध आजोबानं खणलेला चर होता, माणूस उभा राहिला तर डोकं तेवढं दिसावं असा. माळावरचं झिरपलेलं पाणी चरात उतरायचं आणि चरातनं ओढ्याला जायचं. बसगोंडानं तो बुजवला. ट्रॅक्टर फिरवला आणि वर उसाच्या सऱ्या सोडल्या. मी तेव्हा इथं नव्हते, सासरी मार खात होते. नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा चराच्या जागी ऊस होता आणि आप्पाचं तोंड बसगोंडापासून फिरलेलं होतं.

तेव्हापासून आप्पा त्याच्या रानात पाय ठेवत नव्हता. आमच्या रानात यायची जवळची वाट माळावरनं, त्या उसाच्या कडेनं. आप्पा ओढ्याच्या अंगानं वळसा घालून यायचा, गुडघे दुखायला लागले तरीही. मला त्याच्या रागाचा अभिमान होता. म्हणायचे, माणूस असावा तर असा.

"इथं जमत न्हाई," तम्माण्णा वर आला. पाय पांढरे झाले होते, वाळत चाललेल्या चिखलानं. "बांधाजवळ बघूया. तिथं जरा चढ हाय."

"आव्वापासनं लांब होतंय."

"लांब म्हंजे काय गं, हाक मारली तर ऐकू येईल येवढंच."

बांधाजवळ खणलं. माती चिकट, खोऱ्याला सोडेना. कंबरेच्या खाली गेला आणि पुन्हा तोच आवाज आला, चुळुक. तम्माण्णा वाकला. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घेतलं आणि थुंकला.

"आमटीत चालंल," म्हणाला.

तेवढ्यात राजू आला. माझा धाकटा भाऊ, रायगोंडा. सगळे राजूच म्हणतात. पुण्याला कंपनीत होता. एसटी स्टँडवरनं घरी जाऊन तसाच रानात आला, बूट हातात घेऊन. त्याच्यामागनं गुरुपाद स्वामी, आमच्या मठाचे जंगम, छत्री घेऊन. घरात आप्पाच्या कपाळाला हात लावून दोघं आले होते.

"आक्का, अजून खड्डाच झाला नाही?" राजू म्हणाला. "घरी लोक थांबलेत. आप्पांना सकाळपासनं बसवलंय, ह्या उन्हात..."

"तुझ्या डोळ्यांनी बघ."

त्यानं बघितलं. दोन खड्डे, दोन्हीत आभाळ. त्याचं तोंड एकदम लहान झालं. पण कंपनीतला माणूस, त्याला काहीतरी करायचं असतं. शेजारच्या मळ्यातलं इंजिन आणलं, पाईप सोडला आणि पहिल्या खड्ड्यातलं पाणी उपसायला लावलं. इंजिन धडधडलं, खड्डा रिकामा झाला, तम्माण्णा उडी मारून आत गेला आणि घाईघाईनं खणू लागला. हातभर खोल गेला. मला वाटलं, होतंय.

मग भिंत सुटली. आव्वाच्या बाजूची. ओल्या मातीचा पोपडा आत पडला, तम्माण्णा मांडीपर्यंत चिखलात. समाधीच्या दगडांचा एक कोपरा खाली कलला.

"बंद कर! बंद कर ते!" मी ओरडले.

इंजिन थांबलं. सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत पाणी परत येताना ऐकू आलं. उपसलेलं पाणी आम्ही पलीकडच्या सरीत सोडलं होतं. तिथनं ते जमिनीत शिरून परत खड्ड्यात चाललं होतं. त्याला तरी दुसरीकडं कुठं जायचं होतं?

मी स्वामींकडं वळले. "स्वामी, मग माझी आव्वा कशात बसलीय?"

त्यांनी छत्री ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली. "तिचा आत्मा शिवाजवळ हाय, बाळ."

"मी आत्म्याचं विचारत न्हाई."

"मग विचारू नकोस," ते म्हणाले. म्हातारा खोटं बोलणारा नव्हता. "गावच्या रुद्रभूमीत तर त्याहून वाईट हाय. पाणकणसं उगवल्यात तिथं. दिवाळीनंतर एका बाईला बसवलं. खाली सोडलं तर पाणी छातीला लागलं. मी मंत्र म्हणत हुतो आणि ती हलत हुती. पोरांनी वरनं दाबली. मी घरच्यांना म्हणलं, डोळं मिटा, आता दर्शन घ्यायचं नसतं. असा काय नेम न्हाई. मीच केला."

राजू हळूच म्हणाला, "मिरजेला विद्युतदाहिनी..."

"तुझ्या बापाला जाळतोस?" स्वामी एवढ्या जोरात ओरडले की बांधावरचा बगळा उडाला. "मांडी घालून बसलाय त्यो! जाळायला मांडी मोडशील का?"

राजूनं पाईप गुंडाळायला घेतला.

मोटारसायकलचा आवाज आला. माळावरनं, उसाच्या कडेनं, बसगोंडा येत होता. चेअरमन. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. त्यानं गाडी लांब लावली, चपला काढल्या, खड्ड्याकडं बघितलं, आव्वाच्या समाधीकडं बघितलं आणि हात जोडले. मला त्याचे ते जोडलेले हात अजून दिसतात. खोटे नव्हते, हाच त्रास आहे.

"कस्तुरी," तो म्हणाला, "काकांना माझ्या माळावर बसवूया. पाटाच्या तोंडाजवळ, चिंचंखाली. कोरडी जागा हाय, चांगली हाय. जेसीबी सांगितलाय मी."

"आप्पा तुझ्या रानात पाय ठेवत नव्हता, बसूअण्णा."

"पाय कुठं ठेवायचाय आता? खांद्यावरनं जाणार त्यो."

तम्माण्णा खोकला. मला त्या क्षणी खोरं उचलावंसं वाटलं. उचललं नाही.

"जेसीबी सांगितलाईस ना? आण," मी म्हटलं. "पण खड्ड्याला नको. चराला आण. जिथनं बुजवलास तिथनं उघड. इथलं पाणी उतरंल आणि आप्पा आपल्या जागेवर बसंल."

"आज? आज चर काढून संध्याकाळपतूर पाणी उतरतंय व्हय?"

मी तम्माण्णाकडं बघितलं. तो माझ्या बाजूचा माणूस. त्यानं मान हलवली. "न्हाई गं कस्तुरी. इतक्या वर्साचं मुरलंय. चर काढला तरी दोन-तीन पावसाळं जातील."

"जाऊ देत. आत्ता सगळ्यांसमोर हो म्हण, बसूअण्णा. चर उघडतो म्हण. मग तू सांगशील तिथं बसवते."

"घरात मेलेलं माणूस बसवून ठेवून सौदा करतीस?" त्याचा आवाज चढला. "लाज न्हाई वाटत?"

"सौदा तू घेऊन आलाईस. तीन हात जागा देऊन तोंड बंद करायचा. आमचं सगळं रान मारलंस तू. मिठागर केलंस. आता वरनं पुण्य पण तुलाच?"

"मी मारलं? एकट्यानं?" तो दोन पावलं पुढं आला. "चर एकट्यानं बुजवला व्हय मी? माझ्या बाजूला माझा ट्रॅक्टर हुता. तुझ्या बाजूला कुणाची बैलं हुती, विचार. विचार की तम्माण्णाला!"

मी विचारलं नाही. विचारायची गरजच राहिली नाही. तम्माण्णा खड्ड्यातल्या पाण्याकडं असा बघत होता की जणू त्यात त्याचं काही पडलंय.

"उसाला दर चांगला हुता त्या साली," तो शेवटी पाण्यालाच म्हणाला. "सगळीच बुजवत हुती. खालनं वरपतूर सगळ्या गावानं चर नांगरलं. तुझ्या आप्पाला पण दोन सऱ्या जादा मिळाल्या."

"आणि हे मला कुणी सांगितलं नाही?"

"त्यो कुठं सांगत हुता. त्यो त्या वाटंनंच यायचा बंद झाला." तम्माण्णानं नाक पुसलं. "तुला वाटलं रागानं. बसूवर राग हुताच. पण वळसा रागाचा नव्हता गं. मला म्हणाला हुता एकदा, तम्मा, तिथनं चाललो की पायाखाली चर लागतोय."

मला आठवलं, ओढ्याकडनं वळसा घालून येणारा आप्पा. काठी टेकत, एका हातानं धोतर धरून. मी बांधावर भाकरी घेऊन थांबायची आणि मनात म्हणायची, बघा, माझा बाप. वाकत नाही कुणासमोर.

"आक्का," राजू म्हणाला. "आता बास. माळावरच बसवूया. मी मुलगा आहे, मी सांगतो."

"मी सांगतो" हे तो पुण्याहून घेऊन आला होता. सात पावसाळे मी ह्या रानात आप्पाबरोबर ताग पेरला, गाडला, शेणखत ओढलं, उगवलेलं करपताना बघितलं. तो गणपतीला यायचा. पण भावकीतली चार माणसं एव्हाना बांधावर येऊन उभी होती आणि सगळ्यांनी माना राजूच्या बाजूनं हलवल्या. स्वामी म्हणाले, "बाळ, ऊन बघ. बापाचे हाल करू नकोस." आणि खरंच होतं ते. माझ्याकडं दुसरी जागाच नव्हती. एवढ्या मोठ्या आमच्या रानात एक माणूस बसेल एवढी कोरडी माती नव्हती.

"चराचं?" मी बसगोंडाला विचारलं.

"बघूया पुढं," तो म्हणाला. चेअरमन लोक हे दोन शब्द आईच्या पोटातनं शिकून येतात.

दिवस कलता आप्पाला बांबूच्या मखरात बसवून उचलला. पुढं भजनाची माणसं, झांजा. सासरहून परत आल्यापासून पहिल्यांदा आप्पाला मी जवळच्या वाटेनं जाताना बघितलं. उसाच्या कडेनं, जिथं चर होता बरोबर तिथनं. त्याची मान प्रत्येक पावलाला डुलत होती, नको नको म्हणाल्यासारखी. खांदेकऱ्यांना सांगून फेट्याचं टोक मागं बांधून घेतलं मी.

चिंचेखालचा खड्डा जेसीबीनं केला होता. खोल, सरळ, कोरडा. तांबूस माती, तिला पावसाच्या पहिल्या शिंतोड्यासारखा वास. तम्माण्णानं आत उतरून हातानं बैठक सारखी केली, समोर दिव्याला कोनाडा कोरला. वर आला आणि मला हळूच म्हणाला, "आत गार हाय. चांगलं हाय." त्याला मला काहीतरी द्यायचं होतं, दुसरं त्याच्याकडं काही नव्हतं.

आप्पाला उतरवलं. स्वामींनी मंत्र म्हटले, हातात लिंग दिलं, बेल वाहिला. मग भस्म आणि मीठ. मीठ घालायची आमची रीत आहे; भोवतीनं मीठ भरतात, मग माती. बसगोंडानं दोन पोती आणून ठेवली होती, जाड्या मिठाची. पोतं फोडून माणसं ओंजळीनं घालू लागली. घरच्यांनी मूठ मूठ घालायची. राजूनं घातली, रडला. बसगोंडानं घातली, तोही रडला.

मी मूठ भरली आणि खड्ड्याच्या काठावर गेले.

आणि तेवढ्यात वर पाटाकडं पाणी वाजलं.

लाईट आली होती. खाली नदीवर मोटार सुरू झाली होती आणि पाटाच्या तोंडाला पाणी येऊन पोचलं होतं. बसगोंडाच्या गड्यानं पाटाच्या दाराचा दगड काढला. पाणी पाटात शिरलं, वाळलेली पानं पुढं ढकलत, फेस घेऊन. गडी खोरं घेऊन धावत आला आणि खड्ड्याकडं बघून थांबला.

"मालक, काय करू? बंद करू?"

बसगोंडानं डोळे पुसले. एकदा खड्ड्याकडं बघितलं, एकदा उसाकडं. "आजची पाळी चुकली तर पुढची लांब हाय," तो म्हणाला. मग हळू आवाजात, अगदी अदबीनं, "वळसा घालून घे. काकांच्या अंगाला लागू देऊ नको."

गड्यानं खोऱ्यानं दोन ढेकळं इकडंतिकडं केली. पाणी आज्ञाधारक पोरासारखं चिंचेला वळसा घालून उसात गेलं. सरीतनं सरीत. कुणाला काही वावगं वाटलं नाही. स्वामींचा मंत्र चालूच होता. भावकीतला कुणीतरी म्हणाला, पाणी आलं बघा, शुभ झालं.

मी त्या पाण्याकडं बघत होते. ते उसात गेलं, उसाखाली जाणार होतं, मातीच्या पोटातनं इथनं, ह्या खड्ड्याच्या बगलेनं, ह्या मिठातनं. मग उताराला. मधे चर नव्हता. खाली आमचं रान, आणि रानात कललेल्या कोपऱ्याची समाधी. आप्पा मला सगळं शिकवून गेला होता. पाणी येताना वाटेतलं मीठ संगं घेऊन येतं.

"आक्का, टाक की," राजू म्हणाला. "लोक थांबलेत."

मूठ उघडेना. खरंच उघडेना. मी आत बघितलं. आप्पा छातीपर्यंत पांढऱ्यात बसला होता, आमच्या रानात बसल्यासारखा. मी दुसऱ्या हातानं माती उचलली आणि ती टाकली. मीठ पदरात बांधलं. कुणी बघितलं असेल तर बोललं नाही.

माती भरून झाली. लोक पाय धुवायला पाटावर गेले. त्याच पाण्यात. मी धुतले नाहीत. ओढ्याकडनं वळसा घालून खाली आले, एकटीच. आमच्या रानातले दोन्ही खड्डे काठोकाठ भरले होते. पहिल्यात खुंट तरंगत होता, आप्पानं ठोकलेला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. चर उघडला नाही. बसगोंडा अजून "बघूया" म्हणतो. त्याच्या खालच्या सऱ्यांत ऊस पिवळा पडायला लागलाय, कडेला पांढरं दिसतंय. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तम्माण्णाही गेला; त्याला कुठं बसवायचं म्हणून त्याच्या पोरांनी दोन दिवस भांडणं केली.

आव्वाच्या समाधीचे दगड मी दर महिन्याला पुसते. खालनं पांढरं वर चढतं, दगडाचा पापुद्रा निघतो. आता ते कुठलं मीठ, हे मी ओळखू शकत नाही. मिठाला नाव नसतं.

पदरातलं मीठ घरी आणून मी बरणीत भरलं. चुलीच्या वरच्या फळीवर आहे. कोरड्या दिवसांत ढेकूळ होऊन बसतं. आभाळ भरून आलं की त्याला पाणी सुटतं, बरणीच्या बुडाला साचतं. मी फडक्यानं टिपून घेते आणि फडकं बाहेर पिळायला जाते. अंगणात उभी राहते, पिळायचं कुठं ते बघत.